नेम चुकला? आधी तो खरंच चुकला का ते पाहा

ऑक्टोबरमधली संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. पश्चिम पेनसिल्व्हेनियातलं ओकचं रान, जमिनीपासून १८ फुटांवर माझा ट्री-स्टँड (झाडाला बांधलेलं मचाण), आणि समोर २४ यार्डांवर आडवी उभी असलेली व्हाइटटेल जातीच्या हरणाची मादी. ओकची बोंडं चघळत होती. बाण सुटला, मऊसा 'टप्प' आवाज आला. मादी दचकली, पाठ जराशी वाकवून दुडक्या चालीने झाडीत शिरली. बाण पलीकडे मातीत तिरका उभा होता. मी खाली उतरलो, बाण उपटून भात्यात खोचला आणि घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, थोडक्यात हुकली.

हे 'थोडक्यात हुकली' किती महागात पडलं ते पुढे येईलच.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. इथलं गणित वेगळं आहे. ठरलेला हंगाम, पहिल्यांदा शिकार करणाऱ्याला सक्तीचा कोर्स, परवाना, आणि एका टॅगवर (मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठीवर) एकच हरीण. आपल्यातले थोडेच लोक या वाटेला जातात, पण जे जातात त्यांचे प्रश्न सारखेच असतात: बाण का चुकला, आणि आता काय करू?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: 'चुकला' असं मानून घरी जाणं

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या निवृत्त पोलाद-कामगाराला मी ही कहाणी हसत हसत सांगितली. धनुष्य हातात धरायला यानेच मला शिकवलं. त्याने एकच विचारलं, "बाण हुंगलास का?"

नव्हता हुंगला. गॅरेजमधून आणला. पिसांवर तपकिरी-हिरवट वाळलेला थर होता आणि वास असा, की पुन्हा नाकाजवळ नेवेना. बाण पोटातून आरपार गेला होता. आम्ही दोघे माग काढत गेलो, तर दीडशे यार्डांवर ओढ्याच्या काठी ती पडलेली मिळाली. मागचा भाग रात्रीत कोल्ह्यासारख्या कायोटींनी खाल्ला होता. मी टॅग लावला. त्या वर्षी दुसरा टॅग नव्हता, आणि असता तरी वापरला नसता.

म्हणून सांगतो, चुकलेला बाण म्हणजे कोरडा, स्वच्छ, मातीचा वास येणारा बाण. तो हातात येईपर्यंत 'चुकला' म्हणायचं नाही. बाण सुटल्यावर जागचं हलूही नका. बाणाच्या वेळी हरीण नेमकं कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, या दोन जागा एखाद्या झाडाच्या किंवा दगडाच्या खुणेने पक्क्या करा, आणि वरूनच फोनवर फोटो काढा. खाली उतरल्यावर तेच रान इतकं वेगळं दिसतं की माणूस चक्रावतो. दुसरा बाण दोरीला लावून ठेवा. बाण साफ हुकला असेल तर बरेचदा हरणाला आवाज कुठून आला ते कळतच नाही. चार उड्या मारून ते तिथेच थबकतं.

मग आठवा, ते पळालं कसं? मागचे पाय झटकून खेचरासारखी लाथ मारून सुसाट गेलं, तर बाण बहुधा छातीत आहे. पाठीची कमान करून हळू, दुडक्या चालीने गेलं, तर पोटात. (माझ्या डोळ्यांसमोर हेच घडलं होतं, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.) शेपटी वर होती की खाली, यावर फार भरवसा ठेवू नका.

बाणावरचं रक्त गुलाबी, फेसाळ, बारीक बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा. गडद, काळपट लाल असेल तर यकृत. चार ते सहा तास द्या. हिरवट-तपकिरी आणि दुर्गंध असेल तर पोट. आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळचा बाण असेल तर थेट सकाळ. घाईने मागे गेलात तर पहुडलेलं हरीण उठतं आणि मैलभर जातं. आम्हाला ती दीडशे यार्डांवर मिळाली याचं श्रेय माझ्या अक्कलहुशारीला नाही. अज्ञानातून मी घरी निघून गेलो म्हणून तिला कुणी उठवलं नाही, इतकंच. फक्त पांढरे केस आणि चरबीचा ओशटपणा असेल, तर बाण पोटाच्या किंवा छातीच्या खालून घासून गेला असण्याची शक्यता जास्त.

रक्त दिसलं नाही म्हणूनही परत फिरू नका. उंचावरून मारलेला बाण छातीत वरून शिरतो. तो खालून बाहेर पडला नसेल, तर रक्त आतच साठतं आणि पहिल्या काही यार्डांत जमिनीवर थेंबही पडत नाही. पायवाटेच्या कडेने चाला, मागावर पाय देऊ नका, शेवटच्या थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा लटकवा. तरीही सापडलं नाही, तर पट्ट्याला बांधलेलं माग काढणारं कुत्रं बोलवा. पेनसिल्व्हेनियात त्याला आता परवानगी आहे. रानभर पाच मित्रांना तुडवायला लावण्याआधी बोलवा, नंतर नाही.

दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो

आता खरोखर चुकलेल्या बाणांकडे. माझे सगळ्यात जास्त बाण हरणाच्या पाठीवरून गेलेत. पहिले दोन हंगाम मी साइटला, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाला, दोष देत होतो.

हिशोब साधा आहे. माझा बाण सेकंदाला साधारण २७० फूट जातो, तर आवाज ११०० फुटांच्या वर. हरीण ३० यार्डांवर, म्हणजे ९० फुटांवर असेल तर आवाज ०.०८ सेकंदात पोचतो आणि बाणाला लागतात ०.३३ सेकंद. मधला पाव सेकंद हरणाचा. त्यातला थोडा वेळ दचकण्यात गेला असं धरलं, आणि उरलेले ०.२ सेकंद त्याने पाय सैल सोडून अंग खाली पडू दिलं, तर गुरुत्वाकर्षणानेच ते २० सेंटिमीटर खाली येतं. छातीतला प्राणघातक भाग जेमतेम तेवढ्या व्यासाचा. तुम्ही मध्यावर धरलेला बाण वरून निघून जातो. याच हिशोबाने २० यार्डांवर ही घसरण सात सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि ४० यार्डांवर तीच ४० सेंटिमीटर होते. अंतर दुप्पट, घसरण जवळजवळ सहापट.

हरीण बाण 'चुकवत' नाही. उडी मारण्याआधी पाय दुमडून घेतं, इतकंच. खो-खोत उठण्याआधी आपणही तेच करायचो.

यावर वेगवान धनुष्य हा उपाय दुकानदार सांगेल. माझा उपाय फुकटचा आहे: २५ यार्डांपलीकडे सोडायचा नाही, नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरायचा, आणि हरीण सावध असेल तर बाण दोरीवरच ठेवायचा. कान ढिले, शेपटी मधूनच हलते आहे, चरणं चालू आहे, असं असेल तर ठीक. मान ताठ, कान तुमच्याकडे, पुढचा पाय जमिनीवर आपटतंय, तर ते दोरीच्या आवाजाची वाटच पाहतंय. चालतं हरीण थांबवण्यासाठी तोंडाने 'म्यॅ' करतात, तेही बेताने करा. आवाजाने ते थांबतं खरं, पण थांबल्या क्षणापासून सावध असतं.

एका बाणावरून साइट हलवणं

रात्री गॅरेजमध्ये ॲलन की घेऊन साइट सरकवायची, सकाळी पुन्हा चुकायचं, रात्री पुन्हा सरकवायची. हा खेळ मी आठवडाभर खेळलो आहे. एक चुकलेला बाण धनुष्याबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

सकाळी उठून सराव न करता एकच बाण मारा. तेच जॅकेट अंगात, तोच ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) पुढे, २० यार्ड. तो बाण नेमावर बसला तर धनुष्य ठीक आहे, दोष तुमच्यात किंवा हरणात. नाही बसला तर तपासा: दोरीने धनुष्य वर ओढताना साइट कुठे आपटली का, स्क्रू ढिला झाला का, पीप (दोरीतलं डोळा लावायचं भोक) फिरला आहे का. प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या बाजूच्या धातूवर मिळून नेलपेंटची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की समजायचं, हलला. (रंग बायकोला विचारून निवडा.) आणि सरकवायचीच असेल तर बाण जिकडे जातोय तिकडेच पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) न्यायची. हे उलटं करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

सराव साध्या टोकांनी आणि शिकार ब्रॉडहेडने, हाही घोळच. ब्रॉडहेडची पाती पतंगासारखी हवा धरतात. धनुष्य नीट जुळवलेलं नसेल तर २० यार्डांवर दोन्ही बाण वेगवेगळ्या जागी जातात.

उंचीचा बागुलबुवा

"वरून मारताना खाली धर" हा सल्ला सगळे देतात. पण स्टँड २० फुटांवर आणि हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर असेल, तर तिरकं अंतर भरतं २१ यार्ड. एका यार्डाने काही बिघडत नाही. बिघडतं ते शरीर. आपण कमरेतून न वाकता फक्त हात खाली नेतो, त्यामुळे गालावरची पकड आणि पीपमधून पाहण्याची रेघ दोन्ही मोडतात. आधी सरळ समोर ताणा, मग कमरेतून वाका. आणि बाण कुठे शिरेल यापेक्षा पलीकडून कुठे निघेल त्याचा विचार करा. अगदी बुंध्याशी आलेल्या हरणावर सोडूच नका. वरून एकच फुप्फुस मिळतं आणि माग काढताना रात्र होते.

हार्नेस (पडू नये म्हणून अंगावरचा पट्टा) चढण्याआधी बांधायचा, वर पोचल्यावर नाही. विषय नेमाचा आहे, तरी लिहून ठेवतो.

किरकोळ वाटणाऱ्या भानगडी

जॅकेटची फुगीर बाही दोरीला लागते. दंडाला पट्टा बांधा. मधली काडीएवढी फांदीसुद्धा बाण वळवते, म्हणून हंगामाआधीच छाटा, आणि खासगी जमीन असेल तर मालकाला विचारून. सूर्यास्तानंतर अर्धा तास कायद्याने मुभा आहे, पण दाट रानात बारीक पीपमधून त्याच्या बऱ्याच आधी अंधार होतो. पिन दिसत नसेल तर उतरायचं. दशरथाने आवाजावर बाण सोडला, पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

आणि आपल्या घरांचा खास प्रश्न: फोडणी. शिकारीचं जॅकेट स्वयंपाकघराजवळच्या कपाटात टांगलं तर पहिलं हरीण शंभर यार्डांवरूनच वळतं. हंगामात दिवाळी येते, तेव्हा स्टँडवर चकलीही नेऊ नका.

बोट आणि डोकं

माझ्या त्या मादीने बाण सुटताना अर्धं पाऊल पुढे टाकलं होतं. पण खरं कारण असं, की पिन तिच्या अंगावर आल्या आल्या मी रिलीजचा (दोरी सोडायच्या साधनाचा) ट्रिगर चापट मारल्यासारखा दाबला. पाऊल उचललं जातंय हे दिसत असूनही बोट थांबलं नाही. ही सवय हंगामात मोडत नाही. उन्हाळ्यात मोडावी लागते. लक्ष्याचा कागद काढून टाकून, तीन यार्डांवरून गवताच्या गठ्ठ्यावर, डोळे मिटून, पाठीच्या स्नायूंनी हळूहळू ओढत शेकडो बाण सोडायचे. कंटाळवाणं आहे. दुसरं औषध मला मिळालं नाही.

रानात नेम 'हरणावर' धरू नका, पुढच्या पायामागच्या एका केसाच्या भोवऱ्यावर धरा. पोपटाच्या डोळ्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. फरक इतकाच, की द्रोणांचा पक्षी कृत्रिम होता, दोरी वाजली म्हणून तो खाली बसत नव्हता.

चुकल्यावर हात अर्धा तास थरथरतात, झोप लागत नाही, तोच क्षण डोळ्यांपुढे फिरतो. होऊ द्या. त्याच रात्री वहीत पाच गोष्टी लिहा: अंतर, हरणाची अवस्था, तुमची बैठक, बाण कुठे गेला, वारा. महिन्याभरात नमुना दिसू लागतो. माझ्या वहीत 'सावध होती' हे शब्द सहा वेळा आले, तेव्हा कुठे साइट निर्दोष सुटली. रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी 'भरपाई' करायला जाऊ नका. त्या दिवशी माणूस ४० यार्डांवरच्या हरणावरही बाण सोडतो.

चुकलेला बाण पुन्हा भात्यात टाकण्याआधी दोन्ही हातांनी हलकेच वाकवून कानाजवळ धरा. कार्बनचा बाण दगडावर आपटला असेल तर बारीक करकर ऐकू येते. तसा बाण पुढच्या वेळी सुटतानाच फुटून हातात घुसू शकतो. मोडून फेका. धड असेल तर पाती बदला, पुसा, आणि सरावाच्या ढिगात ठेवा.