२०३८ च्या तारखा आणि फाइल सिस्टीमचा कोड: या चुका टाळा

"आपला सर्व्हर ६४ बिटचा आहे, २०३८ चं टेन्शन नाही" असं बोलणारे बरेच भेटतात, पण प्रोसेसर कितीही मोठा असू दे, डिस्कवर तारखेला जागा किती ठेवलीये ते बघा ना. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद साइन्ड (म्हणजे उणे आकडेही चालणाऱ्या) ३२ बिटमध्ये मोजले तर १९ जानेवारी २०३८ ला भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की जागा संपते आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातं.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक टेस्टिंगमधली. फाइलला २०४० ची तारीख दिली, लगेच वाचून बघितली, बरोबर आली, म्हणजे झालं काम? ती तारीख बऱ्याचदा मेमरीतल्या आयनोडमधून (फाइलची तारीख, साइज वगैरे माहिती ठेवणारी नोंद) येते हो, डिस्कवर काय लिहिलं गेलं ते तुम्ही बघितलेलंच नसतं. आधी अनमाउंट करा, परत माउंट करा आणि मग वाचा. जुन्या लिनक्स कर्नलवर १२८ बाइट आयनोडची एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) असेल तर २०४० ची फाइल १९०३-०४ ची होऊन बसते, ५.४ पासून पुढे कर्नल तारीख गुपचूप २०३८ च्या हद्दीवर थांबवतो, एररही देत नाही. म्हणून टेस्टमध्ये परत आलेली तारीख दिलेल्या तारखेशी जुळवूनच बघायची.

आयनोड २५६ बाइटचा असेल तर २ जादा बिट मिळतात आणि एक्स्ट४ २४४६ पर्यंत जाते. आयनोडची साइज ट्यून२एफएस या टूलने कळते, पण एक्स्ट४ चं फ्लेक्स-बीजी हे फीचर चालू असेल तर ती त्याच टूलने वाढवता येत नाही, मग बॅकअप घेऊन नव्याने फॉरमॅट. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमला बिगटाइम हे फीचर चालू केलं की हद्द २४८६ पर्यंत जाते, फक्त ५.१० च्या आधीचा कर्नल ती डिस्क माउंटच करणार नाही, जुनं रेस्क्यू पेनड्राइव्ह जपून वापरा.

कोड लिहिताना डिस्कवरचे ३२ बिट ६४ मध्ये घेता तेव्हा साइन्ड की अनसाइन्ड ते फॉरमॅटचं स्पेसिफिकेशन बघूनच ठरवा, अंदाजाने नको, कारण साइन्ड असलेलं अनसाइन्ड वाचलं की डिसेंबर १९६९ ची फाइल २१०६ ची दिसते. नवीन फाइल सिस्टीम लिहीत असाल तर सुपरब्लॉकमध्ये (अख्ख्या फाइल सिस्टीमची माहिती ठेवणारं कर्नलचं स्ट्रक्चर) कमीतकमी आणि जास्तीतजास्त तारीख भरा, म्हणजे हद्दीचं काम कर्नल करेल. आणि ३२ बिट एआरएम बोर्डावर जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ किंवा पुढचं असलं तरी ६४ बिट टाइमचा मॅक्रो, सोबत ६४ बिट फाइल ऑफसेटचा, दोन्ही कंपाइल करताना स्वतः द्यावे लागतात, डिस्ट्रोने आधीच चालू करून दिले नसतील तर, आणि लायब्ररी जुन्या सेटिंगने बिल्ड केलेली राहिली तर स्ट्रक्चरची साइज जुळत नाही, मग क्रॅश कुठून आला ते शोधत बसा.