हळद, कार्बोनेट आणि माझं दीड वर्ष

सांगलीत राहून बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायची म्हटलं की हळद समोर येतेच. मार्केट यार्डात राजापुरी पोत्यानं मिळते, २०१८ ला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालंय, गाईडही खूश. विषय खुशाल घ्या, फक्त माझ्यासारखं तोंडावर पडू नका.

हळदीच्या अर्कानं अल्फा-ग्लुकोसायडेज हे साखर सुटी करणारं एन्झाइम किती अडतं, हे मी मोजत होते. पद्धत अशी: सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, तुटून पिवळं पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं, सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवायची, ४०५ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो त्याचं रीडिंग. पिवळेपणा कमी म्हणजे एन्झाइम अडलं. आता कर्क्युमिन, म्हणजे हळदीचं रंगद्रव्य, स्वतःच पिवळं, ४२५ च्या आसपास सणसणीत शोषण. एवढं मला कळत होतं हो! म्हणून अर्काचं वेगळं ब्लँक (एन्झाइम नसलेली तुलनेची नळी) लावून वजा करत होते. फक्त त्या ब्लँकमध्ये कार्बोनेट घालत नव्हते. एन्झाइमच नाही, मग थांबवायचं काय?

तिथंच घात झाला. कार्बोनेट पडलं की कर्क्युमिन लालसर होतं आणि त्याचं शोषण पुढच्या तरंगलांबीकडे सरकतं. म्हणजे नमुन्यात ४०५ ला त्याचा वाटा घटलेला, आणि मी वजा करतेय पिवळ्याजर्द ब्लँकचा अख्खा आकडा. वजाबाकी जास्त, उत्तर कमी, इन्हिबिशन (एन्झाइम अडण्याचं प्रमाण) झकास. दीड वर्ष मी त्या आकड्यांवर खूश होते. लाल झालेल्या नळ्या समोरच होत्या, पण नजर एक्सेलवर.

तेव्हा एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेत होते. प्रॅक्टिकलला अर्कात कार्बोनेट घातलं, तशी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कुंकू झालं की!" हळदीत चुना पडला की काय होतं, हे घरात लहानपणापासून बघितलेलं. त्या रात्री झोप नाही.

ब्लँकमध्ये एन्झाइम सोडून सगळं घाला, त्याच क्रमानं, त्याच वेळेला. अर्क रोज ताजा करा, कर्क्युमिन ७.४ पीएचच्या बफरात (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काही मिनिटांतच विघटित व्हायला लागतं. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनच्या या खोड्यांचा मोठा आढावा आलाय. मी तो सगळं झाल्यावर वाचला. घाबरू नका, पुन्हा मोजल्यावर इन्हिबिशन निम्म्याच्या खाली आलं, तरी थिसिस उभा राहिला.

नोकरीचं थोडक्यात. सीएसआयआर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बायोकेमिस्ट्री स्वतंत्र नाही, लाइफ सायन्सेस द्यावं लागतं. कॉलेजांच्या जाहिरातीत मात्र जागा बहुतेक केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजीच्या. एम.एस्सी.ला प्रवेश घेण्याआधी चार जाहिराती वाचा. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आहे, तेव्हा पीएचडीच्या भरवशावर सेट लांबवू नका. सीएचबीत तासाचे पैसे, सुट्टीत ठणठणाट; घर त्यावर चालत नाही. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारे भेटतील, त्यांचा नंबर ब्लॉक करा. आणि गाईड निवडताना नाव नंतर बघा, आधी ते लॅबमध्ये येऊन नळी उजेडात धरून बघतात का, ते बघा. माझे येत नव्हते.