हातातल्या दगडाची जन्मकथा कशी वाचावी

दगड ओळखताना रंग सगळ्यात शेवटी बघा. एकाच जातीचा खडक काळपट, तांबूस, हिरवट असा कसाही सापडतो आणि उन्हापावसाने वरचा थर आणखी बदलतो.

आधी ताजी फुटलेली बाजू शोधा. नसेल तर डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून हातोडीने एक कोपरा उडवा. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याजवळ धरून दगड त्याच्यासमोर आणा.

आता कण बघा, आणि इथे अजिबात घाई करू नका. कण एकमेकांत घट्ट गुंतलेले आणि कसेही विखुरलेले असतील, तर खडक बहुधा अग्निज, म्हणजे शिलारस थिजून झालेला. ग्रॅनाइटचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात, कारण तो जमिनीखाली खोलवर हजारो-लाखो वर्षं सावकाश निवत गेला. बेसॉल्टचा लाव्हा पृष्ठभागावर आला आणि स्फटिक मोठे व्हायच्या आतच थिजला. त्यातली गोल भोकं म्हणजे अडकलेल्या वायूचे बुडबुडे.

कण सुटे असून मधल्या पदार्थाने चिकटलेले दिसले, तर खडक गाळाचा. कणांचे कोपरेही तपासा. टोकदार कण फार लांबून आलेले नसतात, गोलसर कण पाण्या-वाऱ्यात बराच काळ घासले गेलेले असतात.

कण गुंतलेले, पण एकाच दिशेला ओळीने लागलेले असतील, तर तो रूपांतरित. दाब आणि उष्णता यांनी तो न वितळताच बदलला. चिखल थिजून झालेल्या शेल या गाळाच्या खडकाची आधी स्लेट होते, मग चकाकणारा शिस्ट, आणि शेवटी पट्ट्यापट्ट्यांचा नीस.

व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले तर चुनखडक म्हणून मोकळे होऊ नका. संगमरवरही फसफसतो, कारण तो चुनखडकाचाच बदललेला अवतार, खनिज तेच. फरक कणांत असतो: संगमरवरात शिंपल्यांच्या खुणा सहसा पुसल्या जातात आणि साखरेसारखे चमकणारे स्फटिक उरतात.

एका प्रकारचा खडक दुसऱ्या प्रकारात बदलतो, त्याला मात्र एकच ठरलेला क्रम नाही. ग्रॅनाइट झिजून वाळू होईल किंवा थेट दबून नीस होईल. त्यामुळे दगडासोबत आजूबाजूचा खडकही बघा. 1788 मध्ये स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला जवळजवळ उभ्या थरांवर टेकलेला लाल वालुकाश्म पाहिला. जुने थर साठले, उभे झाले, झिजले आणि मगच नवे त्यांवर बसले, हे त्यांनी त्या एका कड्यावरून ताडलं. नदीतला गोटा मात्र वाहून आलेला असतो. त्याचा मूळ खडक प्रवाहाच्या वरच्या अंगाला शोधा.