तीन चॅनेल चालू केले तेव्हा सापडलेले दोन बाइट

लिनक्स कर्नलमध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, द्यायचा असेल, तर मी आयआयओ (इंडस्ट्रियल आय/ओ) या भागाकडे जायला सांगतो. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपा) आणि सेन्सर चिपांचे ड्रायव्हर तिथे असतात, आणि त्यातले बरेच एका बैठकीत अख्खे वाचून होतात.

माझा पहिला पॅच एका बारा-बिट एडीसीच्या ड्रायव्हरवर होता. चार चॅनेल, दर सॅम्पल दोन बाइटांचं, शेवटी आठ बाइटांचा टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेची नोंद. म्हणजे 16 बाइट. हेक्सडंपची (बाइट जसेच्या तसे आकड्यांत दाखवणाऱ्या यादीची) एक ओळही 16 बाइटांचीच, त्यामुळे एक ओळ म्हणजे एक स्कॅन, सगळ्या चॅनेलांचं एकदाचं वाचन. चारही चॅनेल चालू असताना सगळं जिथल्या तिथे होतं. मग मी एक बंद केला. सॅम्पलं सहा बाइटांत संपली, टाइमस्टॅम्प मात्र नवव्या बाइटपासूनच, कारण तो सुरुवातीपासून आठच्या पटीतल्या अंतरावरच बसतो. मधल्या दोन बाइटांत दर ओळीला काहीतरी वेगळाच कचरा.

ट्रिगर हँडलरमधला, म्हणजे दर स्कॅनला चालणाऱ्या फंक्शनमधला, बफर स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) होता आणि तो कुणी पुसलाच नव्हता. आधीच्या फंक्शनांनी मागे सोडलेलं सॅम्पलांबरोबर थेट युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे, जात होतं. त्यात कर्नलमधल्या पॉइंटरचा तुकडाही असू शकतो, म्हणून दोनच बाइट असले तरी ही सुरक्षेची चूक.

मी बफर शून्याने पुसणारा मेमसेट घातला आणि पॅच पाठवला. रिव्ह्यूत दुसरीच गोष्ट निघाली, आणि खरं शिकलो ते तिथे. बफर म्हणजे सोळा-बिट आकड्यांचा साधा ॲरे होता. तो दोनच्या पटीतल्या कुठल्याही पत्त्यावर पडू शकतो. टाइमस्टॅम्प जोडणारं फंक्शन मात्र बफर आठच्या पटीतल्या पत्त्यावर आहे असं धरून चालतं. उपाय म्हणजे सॅम्पलं आणि टाइमस्टॅम्प यांचा स्ट्रक्ट. तेवढ्यानेही भागत नाही: 32-बिट एक्स86वर चौसष्ट-बिट आकडा स्ट्रक्टमध्ये चारच्या पटीत बसतो, म्हणून टाइमस्टॅम्पचं अलाइनमेंट (पत्ता कितीच्या पटीत हवा ते) स्वतः सांगावं लागतं.

चिप एसपीआय या सिरियल बसवर असेल आणि वाचन थेट त्याच बफरात होत असेल, तर तो स्टॅकवर नकोच. डीएमएसाठी (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत होणाऱ्या देवाणघेवाणीसाठी) तो ड्रायव्हरच्या खाजगी स्ट्रक्टमध्ये, स्वतंत्र कॅशलाइनवर हवा.

अलाइनमेंट आणि गळती यांचे पॅच वेगळे करा. गिट ब्लेमने ती चूक आणणारा मूळ कमिट शोधा, पॅचच्या संदेशातल्या फिक्सेस टॅगमध्ये त्याच्या हॅशची पहिली 12 अक्षरं लिहा. आणि पाठवण्याआधी तीनच चॅनेल चालू ठेवून हेक्सडंप पुन्हा काढा: सातवा आणि आठवा बाइट, प्रत्येक ओळीत 00.