इमेज रिस्टोअर झाली, पण मशीन बूट होत नाही? या चुका टाळा

डिस्क इमेजचं, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब बॅकअपचं, रिस्टोअर शंभर टक्के पूर्ण झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा मेसेज आला. अशा वेळी सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाबरून डिस्क फॉरमॅट करणं. बहुतेक वेळा तुमचा डेटा जागच्या जागी असतो, फक्त तिथपर्यंत पोचायची वाट तुटलेली असते. म्हणून आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा.

विंडोजचा लोगो दिसायच्या आतच अडलं, तर संशय बूटलोडरवर, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, घ्या. पुष्कळ जण फक्त सी ड्राइव्हची इमेज घेतात. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर सुरुवातीच्या बूट फायली सी ड्राइव्हवर नसतातच. त्या ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाच्या डिस्कच्या वेगळ्या भागात असतात. हे फॅट32 फॉरमॅटचं, बहुधा 100 एमबीच्या आसपासचं पार्टिशन एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, म्हणून इमेज घेताना राहून जातं. बायोसमधला मोडही तपासा: विंडोजच्या डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची असेल तर यूईएफआय हवं, एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल तर लिगसी, म्हणजे जुना बायोस मोड.

इथे लोक ‘बूटरेक फिक्सएमबीआर’ ही एमबीआर दुरुस्त करणारी कमांड पुन्हा पुन्हा चालवत बसतात. जीपीटी डिस्कवर यूईएफआय बूटसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. त्याऐवजी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करा आणि शिफ्ट एफ10 दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या टूलमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्या, ईएफआय पार्टिशन निवडून त्याला एस हे अक्षर द्या. ते पार्टिशनच नसेल, तर सी थोडा श्रिंक, म्हणजे लहान, करून नवीन बनवावं लागेल. मग बूट फायली नव्याने लिहिणाऱ्या ‘बीसीडीबूट’ कमांडला विंडोज फोल्डरचा पत्ता, एस स्विचपुढे ईएफआय पार्टिशनचं अक्षर आणि एफ स्विचपुढे यूईएफआय द्या. एक सांभाळा: इथे तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणूनही दिसू शकतो. आधी ‘डिर’ (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) करून विंडोज फोल्डर कुठे आहे याची खात्री करा.

लोगो येऊन मग निळ्या स्क्रीनवर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, तर बूटलोडरला हात लावू नका, त्याने त्याचं काम केलंय. अडचण बहुधा स्टोरेज ड्रायव्हरची, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची, असते. एएचसीआय, रेड आणि व्हीएमडी हे बायोसमधले डिस्क जोडण्याचे वेगवेगळे मोड आहेत; इमेज घेतलेल्या मशीनवर एएचसीआय असेल आणि इथे रेड किंवा व्हीएमडी, किंवा याच्या उलट, तर असं होतं. बायोसमध्ये जुनाच मोड लावून बघा. जुना मोड वेगळा असून एएचसीआयवर यायचं असेल, तर बूट सेटिंग बदलणाऱ्या ‘बीसीडीएडिट’ कमांडने सेफ बूट लावा, मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि सेफ बूट काढून टाका.

इमेज घेतलेली जुनी आणि रिस्टोअर केलेली नवी डिस्क एकत्र जोडून पहिलं बूट मुळीच करू नका. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकू शकतं, किंवा मशीन जुन्याच डिस्कवरून चालू होतं आणि तुम्हाला वाटतं काम फत्ते.

मदरबोर्ड बदलत असाल आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) लॉक केलेली असेल, तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली, तर त्या डिस्कवरचा डेटा कुणालाच काढून देता येणार नाही.