सुचत नसेल तर आपल्या घराचं चैत्रांगण काढा

"काहीच सुचत नाहीये" हे मी वही उघडून इतक्यांदा बोललेय की आता आमचा लेक गृहपाठाच्या वेळी माझी नक्कल करतो. मी काही आर्टिस्ट नाही, बँकेतून संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी येते, कुकर लावते आणि शिट्ट्या होईपर्यंत जे काय काढायचं ते काढते. हे तशाच लोकांसाठी लिहितेय, फाइन आर्ट्सवाल्यांनी पुढे जावं.

पहिलं म्हणजे मोबाइलवर आयडिया शोधणं बंद करा. दुसऱ्यांची सुंदर चित्रं अर्धा तास बघितली की आपला हात उचलत नाही. त्याऐवजी चैत्रांगण आठवा, चैत्रगौर बसली की चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात रांगोळीने काढतात ते. मी वर्षानुवर्षं ते "देवाचं काहीतरी" म्हणून बाजूने ओलांडत होते, मग एका वर्षी सासूबाईंचा गुडघा धरला आणि काम माझ्यावर आलं, आणि खाली बसून काढताना लक्षात आलं की अरे, शंख, चक्र, गदा आहेत तसा पाळणा पण आहे, फणी आहे, करंडा आहे, आरसा आहे! म्हणजे कधीतरी कुण्या बाईने घरातली फणी उचलून सरळ सूर्य-चंद्राच्या शेजारी मांडली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तर तसंच करायचं. साधी वही आणि काळं बॉलपेन घ्या, पेन्सिल नको, खोडरबर दिसला की आपण खोडतच बसतो. रोज घरातली एक वस्तू, एका पानावर एकच, तळहाताएवढी. माझ्या वहीत गॅसचा सिलिंडर आहे, हेल्मेट आहे, गुंतलेला चार्जर आहे, सासऱ्यांची पेल्यातली कवळी आहे (ती त्यांना दाखवली नव्हती). महिन्याने तीसेक वस्तू होतात, मग एखाद्या रविवारी मोठ्या कागदावर सगळ्या एकत्र मांडा.

आता लोक अडकतात कुठे, तर आपण समोरचा कुकर काढतच नाही, मनातला काढतो. समोरच्याच्या दांड्याचा स्क्रू ढिला असतो, शिट्टीखाली डाळीचा पिवळा ओघळ वाळलेला असतो, झाकण एका बाजूने चेपलेलं असतं, ते पडलं तेव्हा कोण कुणावर ओरडलं होतं ते पण आठवतं. तो ओघळ आधी काढा, कुकर त्याच्याभोवती नंतर. खरंच उलटं करून बघा.

आकार जमत नसेल तर ठिपके. सासूबाईंकडे अगरबत्तीने भोकं पाडलेला जुना खाकी कागद आहे, 11 बाय 11 चा. तोच मी वहीवर ठेवून पेनाने ठिपके मारते आणि लेकाला म्हणते, जोड. मागे त्यातून आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी निघाली, गळणारी.

मुलांसोबत काढताना एकच पथ्य, दुरुस्ती करायची नाही. मी एकदा त्याच्या रिक्षाचं चौथं चाक खोडायला सांगितलं. ती स्टेपनी होती. पुढे आठ दिवस त्याने पेनाला हात लावला नाही. "हे काय आहे?" पण विचारू नका, "इथे काय चाललंय?" विचारा, मग बघा कसा सुटतो तो.

चित्राखाली त्या दिवशी घरात कानावर पडलेलं एक वाक्य लिहायचं. आमच्या बडोद्याच्या मराठीत माल कमी नाही, सासरे फोनवर, "अरे तू आधी ऐकून तर घे, पछी बोल!" (पछी म्हणजे गुजरातीतलं "मग".)

आणि घरातलं संपलं असं वाटलं तर बाहेर पडा. भूपेन खख्खर मुंबईहून इथे आले ते 1962 मध्ये, चार्टर्ड अकाउंटंट माणूस, हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढायचे, आणि काढली कुणाची तर न्हावी, शिंपी, घड्याळवाला. 1972 चं त्यांचं एक चित्र चक्क घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचं आहे. तर आपल्या गल्लीतल्या कुठल्याही दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहा, मालकाला सांगून, नाहीतर तो समजेल टॅक्सवाले आले. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, तिथल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, कृष्णलीला, महाभारत, सगळं. पोरांना नेलंत तर सगळी भिंत दाखवत बसू नका, प्रत्येकाने एकच माणूस निवडायचा आणि घरी येऊन आठवणीने काढायचा. परतताना सेव उसळ, त्याशिवाय आमची वरात हलत नाही.

वही लपवू नका, टीव्हीपाशी पडू द्या. परवा सासऱ्यांनी चाळली. कवळीच्या पानावर थांबले, चष्मा वर केला. मी कुकरकडे बघत उभी.

"पेल्याला निळा काठ आहे," म्हणाले, "तो राहिलाय."