जळाऊ लाकूड आणि चिप्सचा छोटा धंदा : या चुका टाळा

नुकतंच तोडलेलं एक टन लाकूड वखारीत उतरवलंत की त्यात साधारण अर्धा टन पाणी असतं. जातीप्रमाणे थोडं कमीजास्त, पण हिशेबाला अर्धं धरून चाला. तेच लाकूड वाळून 20 टक्के ओलाव्यावर आलं की काट्यावर 625 किलो भरतं. राहिलेले 375 किलो कुणी चोरलेले नसतात, हवेत गेलेले असतात. ओल्या मालाच्या भावावर थोडा नफा चढवून विक्रीचा दर ठरवणारा मग वर्षाअखेर डोकं धरून बसतो. वाळलेल्या किलोचा खरेदीभाव ओल्याच्या 1.6 पट झालेला असतो, हे त्याच्या वहीत कुठेच नसतं. फोडाई, रचाई आणि वाहतूक त्यावर वेगळी.

या धंद्यातल्या बहुतेक कटकटींचा माग काढत गेलं की शेवटी हेच पाणी हाती लागतं. म्हणून सुरुवात मोजण्यापासून.

मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा

ओलाव्याची टक्केवारी दोन तऱ्हांनी काढतात. पाण्याचं वजन भागिले ओल्या लाकडाचं एकूण वजन, ही एक. पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, ही दुसरी. इंधनाचे व्यवहार पहिल्या पद्धतीने होतात, तर सुतारकामासाठी बनवलेले दोन टोच्यांचे मीटर बहुतेक दुसरी दाखवतात. मीटरवर 25 दिसले तर इंधनाच्या भाषेत ते 20 टक्के. अर्धं पाणी असलेलं लाकूड दुसऱ्या हिशेबाने थेट 100 टक्के ओलं ठरतं. ग्राहकाच्या बॉयलरला 30 टक्क्यांपर्यंतचा माल चालत असेल आणि तुम्ही मीटरवर 30 यायची वाट बघत बसलात, तर प्रत्यक्षात 23 पर्यंत वाळवून बसता आणि माल विनाकारण अडकून राहतो. बदल करायचं सूत्र सोपं आहे : मीटरच्या आकड्याला, 100 अधिक तोच आकडा, याने भागायचं. मीटर कुठल्या पद्धतीचा आहे हे त्याच्या माहितीपत्रकात असतं. ते पत्रक खोक्याबरोबर फेकून देऊ नका.

दुसरी चूक टोचण्याच्या जागेची. बाहेरून टोचलं की लाकूड नेहमीच वाळलेलं निघतं. तुकडा मधोमध फोडायचा आणि उघड्या पडलेल्या ताज्या बाजूवर, मध्यभागी टोचायचं. थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या रांगेतले मिळून आठदहा तुकडे तरी घ्या. आणि मीटरचा आकडा 30 च्या वर असेल तर 'अजून ओलं आहे' एवढाच त्याचा अर्थ घ्या, नेमका आकडा धरू नका. लाकडाच्या पेशी पाण्याने भरलेल्या असताना हे मीटर नीट चालत नाहीत.

चिप्सना, म्हणजे बॉयलरसाठी यंत्राने केलेल्या लाकडाच्या बारीक तुकड्यांना, टोचून काहीच कळत नाही. ढिगाच्या वेगवेगळ्या खोलीवरून मूठमूठ काढून एकत्र करायचं, वजन करायचं, 105 अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचं, पुन्हा वजन करायचं. मोठा ग्राहक वाद घालतो तेव्हा हाच आकडा उपयोगी पडतो, मीटरचा नाही.

'वाळलंय की, तडे गेलेत'

टोकाला तडे दिसले, साल सुटली, दोन तुकडे आपटल्यावर खणखणीत आवाज आला, म्हणजे लाकूड तयार, असं जुनी माणसं सांगतात. खुणा खोट्या नाहीत, अपुऱ्या आहेत. लाकडातलं पाणी धाग्यांच्या दिशेने आडव्यापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतं, त्यामुळे टोकं आधी वाळतात आणि तडकतात. आत पोट ओलंच असतं.

याहून भरवशाचा उपाय फुकट आहे. थप्पी रचताना पाचसहा तुकड्यांवर रंगाने क्रमांक टाका, वजन लिहून ठेवा आणि ते सहज बाहेर काढता येतील असे बसवा. महिन्याला एकदा तोला. वजन घटायचं थांबलं की त्या हवेत लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. 'त्या हवेत' हे महत्त्वाचं. साधारण 20 अंश तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असेल तर लाकूड कोरड्या वजनाच्या हिशेबाने 12 टक्क्यांच्या आसपास थांबतं. 90 टक्के असेल तर 20 च्या आसपास. दमट महिन्यांत थप्पी उन्हात हलवून, उलटवून फार काही साधत नाही. तेव्हा माल उघड्यावर भिजू न देणं एवढंच काम.

वाळत नाही अशी तक्रार असेल तर तीन गोष्टी बघा. ओंडका न फोडता तसाच ठेवलाय का? साल हा झाडाचा रेनकोट असतो. फोडल्याशिवाय पाण्याला वाट नाही. तळची रांग मातीवर टेकलीय का? आणि ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढलीय का? ही तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण ती काळजी घेतल्यासारखी वाटते. वर छप्पर, बाजू उघड्या, वाऱ्याच्या दिशेने मोकळी जागा. बस्स.

'माल कमी आला'

ही तक्रार दरवेळी खोटी नसते आणि दरवेळी खरीही नसते. एक घनमीटर भरीव लाकूड फोडून नीट रचलं तर साधारण 1.4 घनमीटर जागा घेतं, नुसतं ओतलं तर दोनच्या वर, आणि त्याच्याच चिप्स केल्या तर अडीच ते तीन. म्हणजे गाडीत सुटा भरलेला माल ग्राहकाने घरी रचला की डोळ्यांदेखत आकसतो. तो फसवलं म्हणतो, तुम्ही खरेच असता, आणि तरी ग्राहक जातो. बिलावर 'रचलेला घनमीटर' की 'सुटा घनमीटर' एवढे दोन शब्द लिहायला काय जातं?

वजनावर विकावं की आकारमानावर? माझं मत आकारमानाच्या बाजूने आहे. किलोमागे मिळणारी उष्णता जातीजातीत फारशी बदलत नाही. पूर्ण कोरड्या लाकडात ती किलोला 19 मेगाज्यूलच्या आसपास असते. फरक पाडतं ते पाणी. 20 टक्के ओलाव्याला किलोमागे सुमारे 14.7 मेगाज्यूल हाती लागतात, 50 टक्क्यांना 8 च्या जरा वर, कारण पाणी तर जळत नाहीच, वर स्वतःची वाफ करायला उष्णता खातं. वजनावर विकणाऱ्याला ओला माल विकण्यात फायदा दिसू लागतो आणि तो मोह वाईट. आकारमानावर विकताना जात मात्र सांगावी लागते. एका घनमीटरात जड लाकूड हलक्यापेक्षा बरीच जास्त उष्णता देतं, तेव्हा दोघांचा भाव एक ठेवणं हा स्वतःवरच अन्याय.

'धूर होतो, धुराड्यात डांबर धरतं' असा फोन आला तर आधी भांडू नका. जाऊन त्यांच्याच ढिगातला तुकडा त्यांच्यासमोर फोडा आणि मोजा. ओला निघाला तर बदलून द्या. कोरडा निघाला तर शेगडीची हवा बघा. रात्रभर चालावी म्हणून झडप जवळजवळ बंद ठेवली तर सुकं लाकूडही धुमसतं. माल अंगणात उघड्यावर टाकून दोन पाऊस खाऊ दिले असतील, तर तेही तिथेच दिसतं.

चिप्सचा ढीग झोपलेला नसतो

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आपण म्हणतो. चिप्सच्या ढिगात याच्या उलट होतं : ओल्याबरोबर सुकं तापतं. ताज्या चिप्समध्ये जिवंत पेशींचा श्वास चालू असतो, त्यात बुरशी आणि जिवाणू भर घालतात, आणि ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. 60-70 अंशांपर्यंत तापमान सहज चढतं. त्यापुढे जंतू मरतात, पण तोवर रासायनिक ऑक्सिडीकरण सुरू झालेलं असतं आणि ते पुढे चालू राहायला कुणाची परवानगी मागत नाही. आग लागेपर्यंत गेलं नाही तरी माल झिजतो. ओल्या चिप्सच्या ढिगातला कोरडा ऐवज महिन्याला 1 ते 4 टक्के नाहीसा होऊ शकतो. तुमच्या पैशांवर बुरशी जेवते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चिप्स ओल्या करूच नका. ओंडके थप्पीत वाळवा आणि ऑर्डर आली की चिपरमध्ये, म्हणजे चिप्स करणाऱ्या यंत्रात, घाला. ओल्याच कराव्या लागल्या तर ढीग बुटके ठेवा, पाला आणि भुसा कमीत कमी येऊ द्या, नवा माल जुन्यावर ओतू नका, आणि ढिगावर लोडर चढवू नका. चाकांखाली दबलेला थर हवा अडवतो आणि नेमका तिथेच ताप धरतो. तपासायला लांब दांड्याचा थर्मामीटर हवा. तो नसेल तर लोखंडी सळई पोटात खुपसून अर्धा तास ठेवा, ओढून काढा आणि जपून हात लावा. हात टिकत नसेल तर ढीग पसरायची वेळ आली.

पण धुराचा किंवा जळका वास येत असेल तर पसरायला जाऊ नका. आत धुमसणाऱ्या ढिगाला एकदम हवा मिळाली की भडका उडतो, आणि वरून मारलेलं पाणी पोटापर्यंत पोचत नाही. तिथे अग्निशमन दलालाच बोलवायचं.

बंद कोठारात चिप्स साठवणाऱ्यांसाठी आणखी एक : लाकडाचा साठा कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि हवेतला ऑक्सिजन कमी करतो. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. जहाजांच्या तळघरांत आणि इंधनाच्या कोठारांत माणसं अशी गेली आहेत. दारं उघडून हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. बुरशी धरलेला माल उपसताना बारीक धूळ अडवणारा एफएफपी2 मास्क लावा. ती धूळ फुप्फुसांना कायमची धरू शकते.

स्क्रू अडकतो, दोष कुणाचा?

बॉयलरला चिप्स पोचवणारा स्क्रू अडकला की ग्राहक यंत्राला आणि यंत्रवाला मालाला नावं ठेवतो. बहुतेक वेळा दोष चिपरच्या बोथट पात्यांचा. धार गेलेली पाती लाकूड कापत नाहीत, फाडतात : कडा केसाळ होतात, भुसा वाढतो, मधूनच लांब कामट्या निघतात. चारदोन कामट्या आडव्या बसल्या की त्यांच्यावर चिप्सची कमान धरते आणि खाली पोकळी होते. पाती आणि समोरची स्थिर पट्टी यांतलं अंतर वाढलं तरी हेच होतं. बारीक फांद्यांची शेंडंही लांबीने तशीच सुटून जातात. ती चाळणीने वेगळी काढा. यंत्र लाकूड स्वतः ओढेना, ढकलावं लागतंय, डिझेल जास्त पितंय, यातलं एकही दिसलं तर दुपारची जेवणाची सुट्टी पात्यांना द्या.

मालाचा आकार 'बारीक-मध्यम' असा तोंडी ठरवू नका. चिप्ससाठीच्या आयएसओ 17225-4 या आंतरराष्ट्रीय मानकात पी16एस, पी31एस, पी45एस असे वर्ग आहेत. पी31एस म्हणजे मुख्य भाग 3.15 ते 31.5 मिलिमीटर. ग्राहकाच्या बॉयलरच्या पुस्तिकेत यातला कुठला लागतो ते लिहिलेलं असतं.

बॉयलरमध्ये राखेचे खंगर होत असतील तर माती शोधा. स्वच्छ खोडाच्या लाकडात राख एक टक्क्याहून कमी असते. ओंडके चिखलातून ओढत आणले, चिप्स कच्च्या जमिनीवरून खरवडून भरल्या की वाळू मिसळते आणि भट्टीत वितळते. जुनी दारं, रंगवलेल्या फळ्या, हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड 'फुकट मिळतंय' म्हणून घेऊच नका. तशा लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं. त्यातलं काही धुरात जातं, बाकी राखेत उरतं, आणि राख लोक झाडांना घालतात.

अडकलेला चिपर मोकळा करताना इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि पात्यांचा ड्रम पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. इंजिन बंद झाल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो.

हंगामात ताण येतो तो इथे

चिप्स हलक्या असतात. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते, त्यामुळे लांबच्या ऑर्डरमध्ये भाड्यापलीकडे काही उरत नाही. लाकूड लांब नेलं तर त्याबरोबर किडेही जातात. अ‍ॅश झाडांचा फडशा पाडणारा हिरवा भुंगा 2002 साली उत्तर अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडला, आणि पुढे तो पसरण्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा हात होता.

पैसा एक आख्खा हंगाम थप्पीत अडकतो, हे भांडवल मांडतानाच धरा. मागणी शिगेला पोचली आणि वाळलेला माल संपला, की शेजारची अर्धवट वाळलेली थप्पी खुणावू लागते. प्रत्येक थप्पीवर रचल्याची तारीख खडूने लिहिलेली असली की कामावरची पोरं चुकून ती फोडत नाहीत. मुद्दाम फोडायचीच झाली, तर ग्राहकाला आधी सांगा, बिलावर 'घरी वाळवायचं लाकूड' असं लिहा आणि भाव त्याप्रमाणे उतरवा. जागा असलेली माणसं असा माल आनंदाने घेतात, पुढच्या वर्षासाठी.